एका चांदणीचा अभिप्राय

बटाट्याची सालं काढायचा पीलर विकत घ्यायचं ठरलं, तेव्हा शिरीष खांबेटेने एकशे त्रेचाळीस ग्राहकांचे अभिप्राय वाचले होते. त्यातले तीन-स्टारवाले दोनदा. पाच-स्टारवाले भाबडे असतात, एक-स्टारवाले चिडके असतात आणि खरं काय ते मधल्यांनाच ठाऊक असतं, असा त्याचा सिद्धान्त होता. हे वाचन पाच आठवडे चाललं. तेवढे दिवस त्याची बायको सुचित्रा सुरीनेच बटाटे सोलत होती. शेवटी पीलर आला, तो डावखुऱ्यांचा निघाला.

सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या त्या घरात गादी, टोस्टर, विमा आणि दाताचा डॉक्टर अशी सगळी मंडळी याच वाटेने आली होती. शिरीष पाण्याच्या पाइपांचा इंजिनिअर. ऑफिसात त्याच्या शब्दाला मान होता, पण दुकानात शिरल्यावर त्याचा स्वतःवर काडीचा विश्वास उरत नसे. कुठल्यातरी अनोळखी माणसाने ‘गुड व्हॅल्यू, मेट’ असं लिहिलेलं दिसलं की मगच त्याचा जीव भांड्यात पडे.

तर या शिरीषने सुचित्राच्या पन्नाशीचा बेत आखला. बेत साधा होता. तिला तिचाच आवाज भेट द्यायचा.

सुचित्रा गायची. नुसती बरी नव्हे, चांगली गायची. ती सुरू झाली की लोक हातातला चहा गार होऊ द्यायचे. नऊ वर्षांपूर्वी तिच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं. दुखणं गेलं, पण जाताना वरचे सूर घेऊन गेलं. “बरं झालं, आता कुणी गा म्हणून मागे लागणार नाही,” असं म्हणून तिने पेटी बंद केली, आणि तेव्हापासून त्या पेटीवर प्रिंटर आहे. तिचा जुना आवाज जगात फक्त एकाच ठिकाणी उरला होता. एका मिनीडिस्कवर.

आजच्या मुलांना मिनीडिस्क म्हणजे काय ते सांगावं लागतं. कॅसेट जायला निघाली होती आणि गाणी अजून फोनमध्ये शिरली नव्हती, त्या मधल्या चार-पाच वर्षांत हे यंत्र आलं आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत गेलं. प्लॅस्टिकच्या चौकोनी कवचात एक चिमुकली चकती आणि ती वाजवणारा खिशात मावेल एवढा प्लेअर. माइक जोडला की त्यावर रेकॉर्डही करता यायचं. शिरीषने तो सिडनीला आल्यावर पहिल्याच वर्षी घेतला होता. २००३ साली इथल्या एका सामुदायिक रेडिओच्या मराठी कार्यक्रमाने सुचित्राकडे गाण्याचा दहा मिनिटांचा नमुना मागितला, तेव्हा त्याने ही मोहीम आपल्या शिरावर घेतली होती. ती दुपार त्याला लख्ख आठवत होती. खिडक्यांना रजया लावल्या होत्या, फ्रिज बंद केला होता, सुचित्रा गात होती आणि प्लेअरच्या पडद्यावर आवाजाच्या लेव्हलच्या रेघा झकास नाचत होत्या. नमुना रेडिओला पाठवायचा का राहून गेला, एवढं मात्र त्याला नेमकं आठवत नव्हतं.

वाढदिवसाला तीन आठवडे होते. सुचित्राने बजावलं होतं, “पन्नाशीला मला काहीही आणू नकोस हं. फार तर तिघं मिळून बीचवर जाऊ. फोन घरी ठेवून.” शिरीष ‘बघू’ म्हणाला आणि माळ्यावर चढला.

डिस्क सुखरूप होती. ती पासपोर्टांबरोबर कुलपात होती. प्लेअर त्याने त्याहूनही जपून ठेवला होता. मूळ खोक्यात, खोकं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी सुचित्राच्या लग्नातल्या शालूच्या घडीत, आणि शालूला कसर लागू नये म्हणून वर मूठभर डांबराच्या गोळ्या. दर दिवाळीला तो जुन्या गोळ्या काढून नव्या टाकायचा. एवढी सेवा देव्हाऱ्यातल्या देवांचीही होत नव्हती. बावीस वर्षं डांबराच्या गोळ्यांच्या वाफेत राहून प्लेअरचं प्लॅस्टिक विरघळून आलं होतं. पडद्याची काच म्हणून जी होती ती बोटाला चिकटली आणि चिक्कीसारखी तार काढून परत गेली. कसर मात्र एकही लागली नव्हती.

मुलगी सावनी युनिव्हर्सिटीतून आली, तेव्हा बाबा जमिनीवर बसून शालूतल्या त्या अवशेषांकडे बघत होते.

“बाबा, इट्स लाइक… मेल्टेड.”

“मेल्टेड नाही, थोडा मऊ पडलाय.”

“जस्ट गेट इट डिजिटाइज्ड समव्हेअर, नो?”

“अनोळखी माणसाच्या हातात आईचा आवाज देऊ? त्यांचे रिव्ह्यूज वाचलेस का?” शिरीषने वाचले होते. एकाने ‘माझ्या लग्नाऐवजी दुसऱ्याचं लग्न परत आलं’ असं लिहिलं होतं. त्या वाटेने जायचं नाही हे तेव्हाच ठरलं.

समोरच्या घरातला मुरलीधर डोंबिवलीचा. बँकेत डेटाबेस सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात जगाला सल्ला द्यायचा. त्याने प्लेअर नाकाशी नेला, एकदम मागे झाला आणि म्हणाला, “तांदळात ठेव.”

“अरे, पाण्यात नाही पडला. डांबराच्या गोळ्यांनी गेलाय.”

“मग बासमतीत ठेव. वास तरी जाईल.”

शेजारचा गॅरी कुंपणावरून डोकावला. त्याने गोष्ट ऐकून घेतली, हळहळला आणि “गिव्ह इट अ गुड वॅक, मेट,” म्हणाला. मुरलीधरला हाही मार्ग पटला. शिरीषने गुपचूप एकदा टपली मारून पाहिली, तेव्हा झाकणाची बिजागरी हातात आली. आता दुसरा प्लेअर मिळवण्याखेरीज गत्यंतर नव्हतं, आणि दुसरा प्लेअर मिळवायचा म्हणजे अभिप्राय वाचणं आलं.

मिनीडिस्कवर प्रेम करणाऱ्यांची एक जुनीपुराणी वेबसाइट होती. ती बॅलारॅटच्या ग्रॅहम नावाच्या निवृत्त गृहस्थाच्या गॅरेजातून अजून धुगधुगत होती. शिरीषच्या प्लेअरचं पान तिथे जसंच्या तसं होतं. चारशे बारा अभिप्राय. सगळ्यात वर त्याचा स्वतःचा: पाच चांदण्या, नऊशे शब्द, उपशीर्षकं, शेवटी ‘एस. खांबेटे, बी.ई.’. तो वाचून त्याचा ऊर भरून आला. आणि खाली, अगदी तळाशी, तो नतद्रष्ट एक-स्टारवाला अजून होताच.

या अभिप्रायाने शिरीषला २००३ सालीही जेवण गोड लागू दिलं नव्हतं. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, फक्त ‘निराश, एनएसडब्ल्यू’, म्हणजे आपल्याच राज्यातलं कुणीतरी. मजकूर इंग्रजीत होता, त्याचा भावार्थ असा: ‘आवाज उत्तम येतो म्हणतात. मला माहीत नाही, कारण मला तो कधी पुरता ऐकायलाच मिळाला नाही. माझ्या नवऱ्याने एका दुपारी मला अकरा वेळा पहिल्यापासून सुरू करायला लावलं. हे यंत्र ज्याच्या हातात असतं त्याला समोरचं माणूस दिसत नाही. बॅटरी मात्र खूप टिकते. माझ्यापेक्षा जास्त. घेऊ नका.’

“ही काय वस्तूवरची टीका झाली?” शिरीष मुरलीधरला तणतणत म्हणाला. “नवऱ्याचा राग यंत्रावर! आणि बिचारा नवरा बघ. अकरा टेक! काय चिकाटीचा माणूस असेल. अशा माणसाला भेटायला हवं एकदा.”

त्या अभिप्रायाखाली शिरीषने तेव्हाच उत्तर ठोकलं होतं: ‘सदर व्यक्तीस लेव्हल कंट्रोल म्हणजे काय हे समजलेले दिसत नाही.’ त्याच्याही खाली साइटचा प्रश्न होता: हा अभिप्राय उपयोगी वाटला का? एकाच माणसाने उत्तर दिलं होतं. ‘नाही.’ तो माणूसही शिरीषच होता. बावीस वर्षांत दुसरं कुणी तिकडे फिरकलं नव्हतं.

मधल्या चार-स्टारवाल्यांत त्याला घबाड सापडलं. ‘उत्तम वस्तू. फक्त दोनदा वापरली आहे. मूळ खोकं उपलब्ध. हृषिकेश, वेरिबी.’ दोनदा वापरून खोकं जपणारा हा आपल्यातलाच, हे सांगायला आडनावाची गरज नव्हती. पण त्याला निरोप पाठवायचा तर लॉगिन करायला हवं, आणि लॉगिनचा पासवर्ड बदलायचा तर तो जाणार २००३ सालच्या इमेलवर. ती इमेल देणारी कंपनी कधीच बुडाली होती. शिरीषने ग्रॅहमला लिहिलं. ग्रॅहमने नियमावली पाठवली. सदस्याने आपल्या प्लेअरशेजारी आजचं वर्तमानपत्र धरून फोटो पाठवावा, म्हणजे ओळख पटेल. अपहरण झालेल्या माणसाचा काढतात तसा तो फोटो शिरीषने काढला. उत्तर चार दिवसांनी आलं: ‘ओळख पटली. प्लेअरची अवस्था पाहिली. सॉरी फॉर युअर लॉस, मेट.’ शिरीषला त्या ओळीने खरोखर गहिवरून आलं. घरात कुणी एवढंही म्हटलं नव्हतं.

हृषिकेश फोनवर मोठा दिलदार निघाला. “अरे, घेऊन जा. पैशांचं काय बोलतोस! पडूनच आहे.”

“मग कुरियरने…”

“कुरियर? वेडा आहेस का? आपटतात ते. आमच्या मितालीची मावशी शुक्रवारी सिडनीला येतेय, तिच्याबरोबर देतो.”

परदेशातल्या मराठी माणसाचा टपालखात्यावर राग नसतो, पण कुणीतरी तिकडे जात असताना कुरियर करणं त्याच्या जिवावर येतं. शिरीषही त्याच मातीतला. तो “हां, ते बेस्ट,” म्हणाला आणि सर्वनाशाला आपल्या तोंडाने होकार देऊन बसला.

विमानात धक्का लागू नये म्हणून हृषिकेशच्या बायकोने, मितालीने, प्लेअर बबल रॅपमध्ये गुंडाळून दह्याच्या दोन किलोच्या डब्यात ठेवला. डब्यावर चिठ्ठी चिकटवली: शिरीष, क्वेकर्स हिल. मावशींना परस्पर ब्लू माउंटन्सला जायचं होतं, म्हणून त्यांनी डबा वेंटवर्थव्हिलच्या एका किराणा दुकानात ठेवला. तिथून अर्ध्या पश्चिम सिडनीच्या अशा वस्तू इकडून तिकडे जात असतात. शनिवारी शिरीष तिथे पोचला.

“दही का डिब्बा ना, भाईसाब?” दुकानदार बाई हसून म्हणाली. “मैंने फ्रीज़र में रखवा दिया. बाहर ख़राब हो जाता.”

शिरीष फ्रीझरकडे धावला. फ्रीझर उघडला तर आत एकाच कंपनीच्या दह्याचे सात डबे. या भागातलं प्रत्येक भारतीय घर तेच दही खातं आणि तोच डबा जन्मभर वापरतं. बर्फाने चिठ्ठ्या गळून तळाशी पडल्या होत्या. बाईने चिठ्ठ्या वेचल्या, डबे मोजले, एकेक हलवून पाहिला आणि अंदाजाने चिठ्ठ्या परत लावल्या. शिरीष आपलं नाव लागलेला डबा छातीशी धरून घरी आला, गॅरेजमध्ये लपून त्याने झाकण काढलं, आणि आत दोन किलो पुरण निघालं.

पुरण छान होतं. वेलदोडा, जायफळ, सगळं बेतात. शिरीषने ते चाखलं आणि गॅरेजमध्ये उभ्याउभ्याच त्याला रडू आलं.

डब्याच्या तळाला पुरण करणाऱ्या बाईंचं लेबल होतं. त्यांना फोन केल्यावर कळलं की ऑर्डर चित्रलेखाताईंची. चित्रलेखाताई म्हणजे इथल्या मराठी मंडळाच्या माजी अध्यक्ष. त्या माजी आहेत हे त्यांना सांगायची हिंमत अजून कुणाला झाली नव्हती.

“अहो, म्हणजे सकाळी मी आणलं ते पुरण नाही?” त्या फोनवर म्हणाल्या. “तरीच हलवल्यावर वाजलं. थांबा, सुरी खुपसून बघते.”

“नको! ताई, हात जोडतो, सुरी नको!”

“का हो? आहे तरी काय त्यात?”

चित्रलेखाताईंपासून आजवर कुठलं गुपित सुटलेलं नव्हतं. तीन मिनिटांत त्यांना पन्नाशी, थायरॉइड, डिस्क, डांबराच्या गोळ्या, सगळं समजलं, आणि चौथ्या मिनिटाला त्या गहिवरून म्हणाल्या, “शिरीष, असा नवरा लाखात एक. हे काय घरच्या घरी ऐकवायचं? सगळ्यांसमोर ऐकवायचं! पुढच्या रविवारी, तुमच्याच बॅकयार्डात. मी बघते सगळं. पुरणपोळ्या माझ्या.”

शिरीषला हे चौघांत आणायचंच नव्हतं. त्याच्या मनात होतं ते असं, की ती दुपारची चहा घेत असेल, तो हळूच बटण दाबेल, आणि ती कप खाली ठेवेल. पण नकार द्यायचा तर डबा ताईंच्या ताब्यात होता. संध्याकाळपर्यंत ‘फक्त सुचित्राला कळू देऊ नका’ असा निरोप तीस जणांना गेला.

गोठलेला प्लेअर घरी आला. आता घाई करून चालणार नव्हतं. शिरीष पुन्हा अभिप्रायांना शरण गेला. वागा वागाच्या केव्हने लिहिलं होतं की त्याचा प्लेअर बर्फात राहिला होता, तो पूर्ण कोरडा होईपर्यंत तीन दिवस हात लावला नाही, मग गुड अ‍ॅज गोल्ड. शिरीषने सुरक्षेसाठी पाच दिवस धरले. सहाव्या दिवशी बटण दाबल्यावर पडदा उजळला आणि त्याने मुठी आवळून गॅरेजमध्ये एक उडी मारली.

“बाबा, चेक तर करा डिस्क चालतेय का,” सावनी म्हणाली.

“अजिबात नाही. दोनशे सत्त्याऐंशीवा अभिप्राय वाच. जुनी डिस्क, शेवटचंच वाजवतोय असं समजून वाजवावी. एकाची तपासताना वाजली आणि कार्यक्रमात नाही वाजली.”

“सो यू डोण्ट नो व्हॉट्स ऑन इट?”

“मला माहीत नाही? मीच केलंय रेकॉर्ड!”

रविवारी दुपारी बॅकयार्डात खुर्च्या लागल्या. सुचित्राला मुरलीधरने ‘लॉनमोअर बघून दे’ म्हणून पाऊण तास अडकवून ठेवलं होतं. तिला लॉनमोअरमधलं काय कळतं, हा प्रश्न तिलाही पडला होता. ती परत आली, तर तीस माणसं ‘सरप्राइज’ म्हणून ओरडली. ती हसली, सगळ्यांना भेटली, आणि टेबलावरच्या प्लेअरकडे तिची नजर गेली तेव्हा क्षणभर थबकली. शिरीषला वाटलं, आनंदाने.

चित्रलेखाताईंनी भाषण केलं. “ज्या नवऱ्याने बायकोचा आवाज प्राणापलीकडे जपला…” अशी सुरुवात होती. दोघीतिघींनी आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं. गॅरी कुंपणापलीकडे बिअर घेऊन उभा होता, त्यालाही आत बोलावण्यात आलं. शिरीषने डिस्क सरकवली, प्लेअर सावनीच्या स्पीकरला जोडला आणि बटण दाबलं.

“हॅलो, हॅलो. माइक टेस्टिंग. वन, टू, थ्री,” असा शिरीषचाच तरुण आवाज बॅकयार्डभर घुमला. लोक हसले. शिरीषही हसला.

मग तंबोरा सुरू झाला. आणि सुचित्रा गायला लागली.

असा आवाज होता की गॅरीने बाटली खाली ठेवली. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीचा, स्वच्छ, कुठलीही भीती नसलेला. मुखडा झाला, ती अंतऱ्याकडे वळली, वरच्या सुराकडे चढू लागली, सगळ्यांनी श्वास धरला…

“थांब, थांब. लेव्हल लाल झाली. पुन्हा पहिल्यापासून.”

लोक पुन्हा हसले. ती पुन्हा गायला लागली. अंतरा आला.

“नाही, नाही. तू माइकपासून सरकलीस. सहा इंच म्हटलंय ना? पुन्हा पहिल्यापासून.”

या वेळी थोडेच हसले. तिसऱ्या वेळी बाहेर गाडी गेली होती. चौथ्या वेळी खुर्ची करकरली. पाचव्या वेळी काहीच झालं नव्हतं, पण एस. खांबेटे, बी.ई. यांना खात्री नव्हती. दर वेळी तो आवाज त्या वरच्या सुराच्या पायरीपर्यंत यायचा आणि तिथेच त्याला अडवलं जायचं. तिथे ती कधी पोचलीच नाही. चित्रलेखाताई प्लेटमधली पोळी बोटाने चुरत राहिल्या. सहाव्यापासून शिरीष मनात मोजू लागला, का ते त्याला अजून कळलं नव्हतं. सात. आठ. त्याला बटण बंद करायचं होतं, पण हात उचलेना. नऊ. दहा.

“अकरा,” शिरीष पुटपुटला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

तंबोरा चालूच होता. डिस्कवरची सुचित्रा आता गात नव्हती. ती म्हणाली, “शिरीष, एकदा मान वर करून माझ्याकडे बघ तरी.”

“हं?”

“काही नाही. बंद कर ते.”

“थांब, आता लेव्हल परफेक्ट आहे…”

आणि खट्ट आवाज होऊन डिस्क संपली.

शेवटी मुरलीधर म्हणाला, “साउंड क्वालिटी मात्र मानली पाहिजे हं,” आणि त्याच्या बायकोने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो पाणी आणायला आत गेला. सुचित्रा उठली, “चला, पोळ्या गार होतील,” म्हणाली आणि तूप वाढू लागली. प्रत्येकाला वाढताना ती नेहमीसारखं हसत होती. शिरीषच्या पानात तिने तूप वाढलं तेव्हाही हसली, आणि ते त्याला सहन झालं नाही. एवढ्या वर्षांत आपण तिचा आवाज जपत होतो, अशी त्याची समजूत होती. जपला होता तो स्वतःचा.

साडेपाचला मंडळी पांगली. ऊन अजून कुंपणावर होतं. शिरीष रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध बसला, फोनवर ग्रॅहमची साइट उघडली आणि शेवटच्या अभिप्रायापर्यंत खाली गेला. तो त्याने पुन्हा एकदा वाचला. लेव्हल कंट्रोलबद्दलचं स्वतःचं उत्तरही वाचलं, आणि जमिनीने पोटात घ्यावं असं त्याला झालं. ‘हा अभिप्राय उपयोगी वाटला का?’ त्याने ‘हो’ दाबलं.

‘आपण १४ ऑगस्ट २००३ रोजी मत नोंदवले आहे. मत बदलता येत नाही. शंका असल्यास ग्रॅहमला लिहा.’

त्याने तीन वेळा दाबून पाहिलं. मग फोन खुर्चीवर ठेवून तो आत गेला. सुचित्रा भांडी घासत होती. त्याने फडकं घेतलं आणि तिने धुतलेली एक बशी तो पुसायला लागला.

“तो एक-स्टारचा तू लिहिला होतास,” तो बशीकडे बघत म्हणाला.

“कुठला?” मग तिचा हात थांबला. “हां. अजून आहे तो?”

“आहे. ग्रॅहमने ठेवलाय.”

“त्याच्याखाली कुणीतरी उत्तर दिलं होतं. बी.ई. झालेलं होतं कुणीतरी.”

शिरीष बशी जोरजोरात पुसू लागला. “मला सांगायचंस ना तेव्हा. घरात.”

“घरात सांगून झालं होतं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. “मग म्हटलं, हा माणूस अभिप्राय तेवढे मन लावून वाचतो. तिथे लिहून बघू.”

नळ वाहत होता. शिरीषला माफी मागायची होती, पण बावीस वर्षांची माफी कुठल्या टोकाकडून सुरू करायची ते त्याला कळेना. “मी ‘उपयोगी नाही’ दाबलं होतं,” एवढंच तो म्हणाला.

“माहितीये. एकच तर मत होतं.”

“आत्ता बदलायला गेलो. बदलता येत नाही म्हणे.”

सुचित्रा एकदम हसली. तूप वाढतानाचं हसू नव्हतं हे. हसता हसता तिला खोकला आला, मग ती पुन्हा भांड्यांकडे वळली आणि एक पातेलं घासून झालं तरी घासत राहिली. आणि पातेल्यावर हात फिरवता फिरवता, जरा वेळाने, तिने तोच मुखडा धरला.

आवाज जाड झाला होता, कडेला फाटत होता. मुखडा झाला. ती अंतऱ्याकडे वळली, जिथे सूर चढतो तिथे आली, आणि तिथे आवाज नव्हताच, नुसता श्वास निघाला. ती थांबली.

शिरीषच्या ओठावर शब्द आले होते. त्याला तेवढंच म्हणायचं होतं, पुन्हा पहिल्यापासून म्हण ना. त्याने जीभ चावली. बशी कोरडी होऊन बराच वेळ झाला होता.

“काय?” सुचित्राने विचारलं.

त्याने बशी खाली ठेवली, फडकं ठेवलं, आणि मान वर करून तिच्याकडे बघितलं.